काजळी, झिलई आणि चुना : भंडाऱ्याच्या पितळेच्या निमित्ताने

भंडारा शहराला पितळनगरी म्हणतात. ‘भाणे’ म्हणजे भांडे, त्यावरून ‘भानारा’ आणि पुढे भंडारा, अशी या नावाची एक व्युत्पत्ती रूढ आहे. वैनगंगेकाठच्या या गावाचा इतिहास सांगताना कासारांचे हातोडे, पितळी घागरी-गुंडांचे घाट आणि त्यांचा व्यापार यांचा उल्लेख होतो. मात्र या भांड्यांच्या रंगाला, म्हणजे बुडाच्या काळेपणाला आणि अंगाच्या झिलईला, स्वतःचा एक इतिहास आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

या इतिहासाचा एक धागा युरोपात सापडतो. बेंजामिन थॉम्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड याने १८०४ साली उष्णतेविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यासाठी त्याने वापरलेली भांडी पितळेच्या पत्र्याची होती. एक झिलईदार, उघडे. दुसरे तागाच्या कापडात गुंडाळलेले. दोन्हींत गरम पाणी भरले. कापडातले पाणी अधिक काळ गरम राहील, अशी आपलीही अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते आधी निवले. पितळेवर मेणबत्तीची काजळी धरली, तरी ते लवकर निवे. त्याच वर्षी जॉन लेस्ली याने गरम पाण्याने भरलेल्या धातूच्या चौकोनी डब्याच्या बाजू निरनिराळ्या ठेवून हेच दाखवले : काजळी लावलेली बाजू सर्वाधिक उष्णता फेकते, चकचकीत बाजू सर्वांत कमी. जो पृष्ठभाग उष्णता चांगली शोषतो तोच ती चांगली बाहेरही टाकतो, हा नियम गुस्ताव किर्खोफ याने १८५९ मध्ये मांडला. रम्फर्ड पितळी भांड्यांवर प्रयोग करीत होता, तेव्हा भंडारा दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या राज्यात होता. इथल्या चुलींवरही तेच पितळ होते. त्याची नोंद ठेवणारे मात्र कोणी नव्हते.

चुलीवरच्या भांड्याचे बूड काळे होते; ते जाळाची आणि निखाऱ्यांची धग शोषून घेते. अंग घासूनपुसून लखलखीत असते. झिलईदार पितळ काजळीच्या मानाने साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी उष्णता किरणांवाटे बाहेर टाकते. एकाच भांड्यात घेणारा आणि राखणारा असे दोन पृष्ठभाग एकत्र नांदतात.

परंतु येथे काळे-पांढरे असा सोपा भेद करून चालत नाही. खुद्द रम्फर्ड त्यात फसला. पांढरा रंग अंगातली ऊब कमी बाहेर टाकतो, असे मानून तो हिवाळ्यात पांढरे कपडे घाली. विल्यम हर्शेल याने १८०० साली तांबड्या रंगापलीकडचे अदृश्य उष्ण किरण शोधले होते. शरीर, भांडे, भिंत यांची उष्णता बाहेर पडते ती या अदृश्य किरणांतून, आणि तेथे पांढरे कापड काळ्या कापडाइतकेच ‘काळे’ असते. डोळ्यांना दिसणारा रंग महत्त्वाचा ठरतो तो ऊन झेलताना. म्हणूनच मे महिन्यातल्या भंडाऱ्यात पांढऱ्या दुपट्ट्याला आणि चुन्याने रंगवलेल्या छताला अर्थ आहे : चुना ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णता सहज सोडून देतो. झिलईदार घागरीचे तसे नाही. ती थोडे ऊन शोषते, पण तेवढेही सहजासहजी सोडत नाही. म्हणून रिकामी घागर अंगणात राहिली तर हात पोळतो. चमक आणि पांढरेपणा डोळ्यांना सारखेच उजळ दिसतात. उष्णतेच्या व्यवहारात ते एक नव्हेत.

मग आपल्या पूर्वजांना हे सारे शास्त्र ठाऊक होते काय? अशा प्रश्नाला तत्परतेने ‘होय’ म्हणण्याचा मोह आज सर्वत्र दिसतो. तो टाळला पाहिजे. चुलीवर ठेवण्यापूर्वी भांड्याच्या बुडाला ओल्या राखेचा वा मातीचा हात फिरवीत, तो काजळी सहज निघावी म्हणून. किरणांचा विचार त्यात नव्हता. झिलईमागेही शोभा, स्वच्छता आणि घराची प्रतिष्ठा होती. या व्यवहाराला विज्ञान म्हटले तर विज्ञानाचा अवमान होतो, आणि केवळ अडाणी सवय म्हटले तर माणसांचा. अनुभव हातात होता. प्रश्न विचारून, मोजून, चुकून तो पुन्हा तपासण्याची संधी त्या हातांना मिळाली नाही.

आणि ते हात प्रामुख्याने स्त्रियांचे होते. रम्फर्डचे पितळ एकदा झिलई दिले की प्रयोगापुरते चकचकीत राही. घरातले पितळ चिंच आणि राख घेऊन रोज उजळावे लागे. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम आले, तसे स्वयंपाकघरातले पितळ मागे पडले. त्यासोबत कासारांची रोजी आटली, हे दुःख खरेच. परंतु अनेक घरांतील बायकांचे रोजचे घासणे थोडे हलके झाले, हेही तितकेच खरे. पितळनगरीच्या वैभवाचा इतिहास लिहिताना या दोन्ही गोष्टी एकाच पानावर आल्या पाहिजेत. लखलखत्या अंगाचे वर्णन करून काळ्या बुडाला वगळणारा इतिहास भांड्याचा म्हणता येणार नाही; तो फार तर दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूचा ठरेल.