बोबड्या बोलांचें व्याकरण

नगर जिल्ह्यांतील नेवासें येथें, प्रवरेच्या कांठीं, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० सालीं ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ग्रंथारंभीं ज्ञानदेवांनीं श्रोत्यांस विनविलें आहे कीं, लेकराच्या बोबड्या वाणीनें मायबापांस जसा अधिकच आनंद होतो, तसाच आपल्या बोलण्यानें त्यांस व्हावा. त्या बोबड्या वाणींत आनंदाप्रमाणें शास्त्रही आहे, हें मीमांसकांनीं त्यापूर्वीं कित्येक शतकें ओळखलें होतें.

त्यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. एक वडील मनुष्य दुसऱ्यास म्हणतो, ‘गाय आण.’ तो गाय आणतो. जवळचें मूल तें पाहतें. पुढें ‘गाय बांध,’ ‘घोडा आण’ हीं वाक्यें त्याच्या कानीं पडतात. कोणता शब्द बदलला असतां काय बदललें, हें ताडून मूल ‘गाय’ आणि ‘आण’ हीं पदें निरनिराळीं करतें. यावरून प्रभाकरानें प्रतिपादिलें कीं, पदाचा अर्थ क्रियेशीं जोडलेल्या वाक्यांतच कळतो. उलट कुमारिलभट्टाच्या मतें पदें आपापले अर्थ आधीं सांगतात व त्यांच्या मेळानें वाक्यार्थ उभा राहतो.

१९५८ सालीं अमेरिकेंत जीन बर्को यांनीं लहान मुलांपुढें बनावट शब्द ठेविले. कधींही न ऐकलेल्या कित्येक क्रियापदांस बहुतेक मुलांनीं भूतकाळाचा प्रत्यय बरोबर लाविला! म्हणजे मूल केवळ पाठांतर करीत नाहीं, तें नियम शोधतें. ‘बसलें’, ‘पडलें’ ऐकणारें मराठी मूल ‘केलें’ऐवजीं ‘करलें’ म्हणतें, तें याच न्यायानें.

याहून अवघड घाट पुढेंच असतो. ‘मुलगी आंबा खाते’ येथें क्रियापद मुलीच्या मागें जातें. ‘मुलीनें आंबा खाल्ला’ येथें आंब्याच्या. या प्रयोगांची चर्चा मोरो केशव दामले यांनीं १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणां’त विस्तारानें केली आहे. मूल तो ग्रंथ न उघडतांच हा घाट चढून जातें.

तरीही घरोघरीं शिकवणीचा आरंभ ‘हें काय? तें काय?’ अशा नांवांच्या उजळणीनें होतो. नांवें पाठ झालीं म्हणजे भाषा आली, असें नव्हे. दार लोटतांना ‘दार लाव’, भात भरवितांना ‘बाळानें भात खाल्ला’ अशीं पुरीं वाक्यें कृतीबरोबर कानीं पडलीं पाहिजेत. आणि ‘मीं करलें’ असें मूल म्हणालें, तर त्यास हसूं नये, दटावूंही नये. ‘होय, तूं केलेंस,’ इतकें म्हटलें कीं पुरे. पुढचें काम त्याची बुद्धि करते.