गर्भिणीची महाधमनी : एका निदानाचा इतिहास

कांहीं रोग असे असतात कीं, वैद्याची आणि त्यांची पहिली भेट रोग्याच्या मृत्यूनंतरच होते. महाधमनीचा विस्फार, ज्याला पाश्चात्य वैद्यकांत ‘अन्युरिझम’ म्हणतात, हा त्यांपैकीं एक होय. हृदयांतून निघून सर्व शरीरास रक्त पुरविणारी ही नळी एखाद्या ठिकाणीं दुबळी झाली म्हणजे तेथें ती हळूहळू फुगूं लागते. पुष्कळदां याची रोग्यास जाणीवहि नसते. आणि एके दिवशीं तिच्या भिंतीचे थर उकलतात किंवा ती फुटते. असा प्रसंग गर्भिणीवर ओढवला म्हणजे एकाच घावांत दोन जीवांचा प्रश्न उभा राहतो. या रोगाची ओळख शवागारांतून निघून गर्भिणीच्या खाटेपर्यंत कशी पोंचली, हा वृत्तांत वाचकांपुढें मांडण्याचा हेतु आहे.

जिवंत माणसांत हा रोग ओळखल्याचें जुनें व प्रसिद्ध उदाहरण व्हेसालियसचें आहे. इ. स. १५५५ मध्यें औग्सबुर्ग येथें, पूर्वी घोड्यावरून पडलेल्या एका गृहस्थाच्या पाठीवर नाडीसारखी उडणारी गांठ पाहून, ही महाधमनीच फुगली आहे, असें त्यानें सांगितलें. दोन वर्षांनीं शवविच्छेदनांत तें खरें ठरलें. परंतु असे प्रसंग विरळा. इ. स. १७६० च्या २५ ऑक्टोबर रोजीं इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज सकाळीं अकस्मात् मरण पावला. त्याचें हृदय फाटलेलें आहे आणि महाधमनीच्या भिंतींत चीर गेली आहे, हें राजवैद्य फ्रँक निकल्स यांस दिसलें तें शरीर उघडल्यावरच. पुढें फ्रेंच वैद्य लाएनेक यानें १८१६ मध्यें स्टेथॉस्कोप शोधून काढला, आणि १८१९ च्या आपल्या ग्रंथांत भिंतीचे थर उकलण्याच्या या प्रकारास स्वतंत्र नांव दिलें. नांव मिळालें, उपाय मात्र मिळाला नाहीं.

हा रोग वार्धक्याचें किंवा उपदंशाचें फळ होय, व तो बहुशः पुरुषांस होतो, ही समजूत दीर्घकाल टिकली. तरुण स्त्री, आणि तीहि गर्भवती, या रोगानें जाईल ही कल्पना सहसा कोणाच्या मनांत येत नसे. १९४४ मध्यें श्निट्कर व बायर या अमेरिकन वैद्यांनीं चाळिशीच्या आंतील रोग्यांच्या हकीकती एकत्र केल्या, तेव्हां त्यांतील स्त्रियांपैकीं जवळजवळ निम्म्यांचा आजार गर्भारपणाशीं निगडित आढळला. ‘निम्म्या’ हा शब्द पुढें दशकानुदशकें एका ग्रंथांतून दुसऱ्या ग्रंथांत उतरत राहिला. वस्तुतः ही कांहीं सर्व स्त्रियांची शिरगणती नव्हती. वैद्यकीय मासिकांत छापून येतें तें विलक्षण असतें. आणि गर्भिणीचा असा मृत्यु मनास चटका लावणारा, म्हणून तो हटकून छापला जातो. अलीकडच्या विस्तृत नोंदींनीं तें प्रमाण पुष्कळ खालीं आणलें आहे. मात्र गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत आणि प्रसूतीनंतरच्या आठवड्यांत धोका वाढतो, हें मूळ तत्त्व अबाधित राहिलें. आंकडा फसवा निघाला, तरी इशारा खरा होता.

असें कां व्हावें? गर्भारपणांत शरीरांतील रक्त सुमारें ४० ते ५० टक्क्यांनीं वाढतें आणि हृदयास त्या मानानें अधिक श्रम पडतात. १९६७ मध्यें मानालो-एस्ट्रेला व बार्कर यांनीं गर्भिणींच्या महाधमन्या सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या. भिंतींतील लवचिक तंतूंची नेहमींची नागमोडी ठेवण त्यांस बिघडलेली दिसली. पाणी वाढावें आणि त्याच सुमारास बांधहि मऊ पडावा, तशांतला हा प्रकार. निरोगी धमनी हा भार सहज सोसते. जिचा धागाच जन्मतः कच्चा, तिची मात्र कसोटी लागते. या कच्च्या धाग्याचा शोधहि आडवाटेनेंच लागला. १८९६ मध्यें पॅरिसचे बालवैद्य मार्फान यांनीं लांबसडक हातपाय व बोटें असलेल्या एका लहान मुलीचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांचें लक्ष हाडांकडे होतें. अशा माणसांची महाधमनी रुंदावते, हें १९४३ मध्यें बाल्टिमोरच्या डॉ. हेलन टॉसिग व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. आणि १९९१ मध्यें दोषाचें मूळ फायब्रिलीन नांवाच्या प्रथिनाच्या जनुकांत सांपडलें. हा दोष आईबापांपैकीं एकास असला, तर प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. आणि ही ‘निम्मा’ची गोष्ट मात्र पक्की आहे.

फुगलेली धमनी पाहावयाची कशी, हा प्रश्न क्ष-किरणांनीं अंशतः सोडविला होता. पण गर्भिणीच्या बाबतींत त्यांचा उपयोग जपूनच करावा लागे. १९५३ मध्यें स्वीडनमधील लुंड येथें एडलर व हर्ट्झ यांनीं श्रवणातीत ध्वनीनें धडधडतें हृदय टिपलें. १९५८ मध्यें ग्लासगोच्या इयान डोनल्ड यांनीं त्याच तत्त्वानें गर्भ दाखविला. ज्या ध्वनीनें बाळाचें डोकें मोजावयाचें, त्यानेंच आईच्या महाधमनीची रुंदी मिलिमीटरमध्यें मोजतां येऊं लागली. शस्त्रवैद्यहि स्वस्थ बसले नव्हते. १९५१ मध्यें पॅरिस येथें द्युबोस्त यांनीं पोटांतील विस्फार कापून दुसरी धमनी जोडली. १९६८ मध्यें बेंटॉल यांनीं झडपेसह धमनीचें मूळच बदलण्याची रीत प्रसिद्ध केली.

यांतून आजची पद्धति घडली. मार्फानचा दोष असलेल्या स्त्रीची महाधमनी ४० मिलिमीटरच्या आंत असेल, तर धोका बेताचा. ४५ च्या पुढें गेली असेल, तर आधीं शस्त्रक्रिया व मग गर्भधारणा, असा सल्ला देतात. गर्भारपणांत रक्तदाब आटोक्यांत ठेवून बीटा-ब्लॉकर जातीचीं औषधें देतात. रक्तदाबाचीं कांहीं इतर औषधें गर्भास घातक म्हणून वर्ज्य करतात, आणि ठराविक अंतरानें पुनःपुन्हां मोजमाप घेतात. धमनी फार रुंद असल्यास सिझेरियन पसंत करतात. हृदयालगतच्या भागांत थर उकललेच, तर विलंबास जागा नाहीं. गर्भ पुरेसा वाढलेला असेल तर आधीं बाळ बाहेर काढून लगेच आईची धमनी सांधतात. तो अगदीं कोंवळा असेल तर त्यास पोटांत ठेवूनच आईस वांचविण्याची शर्थ करावी लागते.

एवढी साधनें हातीं असतांहि असे मृत्यु घडतात, याचें एक मोठें कारण असें कीं, शंकाच येत नाहीं. छातींत किंवा दोन खांद्यांच्या मध्यें अकस्मात् उठलेली फाडणारी कळ ‘पित्त असेल’, ‘दिवस भरत आले आहेत’ अशा समजुतीवर निभावून नेली जाते. कधीं बाळास अपाय होईल या भीतीनें आईची आवश्यक तपासणीच टळते. आणि आपल्या घरांतून आणखी एक अडचण आहे. अमुक काका तिशींत बसल्या जागीं गेले, आत्या बाळंतपणांत गेली, या गोष्टी सोयरीक जुळवितांना झांकल्या जातात. पुढें त्याच मुलीस दिवस गेले म्हणजे डॉक्टरांपुढेंहि त्यांचा उच्चार होत नाहीं. चार शतकें शवागारांत जें उत्तर शोधलें गेलें, त्याचा आरंभ कित्येकदां घरांतील वडीलधाऱ्या माणसांच्या आठवणींत असतो. त्यांनीं तें वेळेवर सांगितलें, तर डॉक्टरांस मोजपट्टी कोठें लावावयाची हें कळतें.