रिकाम्या खोलीतील पियानो

२०२० सालच्या टाळेबंदीत, न्यायमूर्ती रानड्यांच्या जन्मगावी निफाडला, मोबाईलच्या इवल्याशा पडद्यावर मी बर्लिनमधील पियानोवादन ऐकले. इगोर लेव्हिट हा वादक १२ मार्चपासून आपल्या घरातून रोज सायंकाळी इंटरनेटवर वाजवीत होता. पहिल्या दिवशी त्याने बेथोव्हेनचा ‘वाल्डस्टाइन’ सोनाटा निवडला होता. समोर श्रोता नाही, टाळी नाही. पडद्याच्या कडेने जगभरच्या लोकांचे शब्द आणि हृदयाची चिन्हे तेवढी तरंगत वर जात. त्याच दिवसांत मीही रिकाम्या चर्चमध्ये कॅमेऱ्यासमोर मिस्साबली अर्पण करीत होतो. प्रार्थनेला प्रतिसाद देणारा आवाज नव्हता. त्यामुळे त्या वादकाची अवस्था मला परकी वाटली नाही.

वाचकहो, पियानोवादन श्रोत्यांनी श्वास रोखून, मुकाट ऐकावे हा दंडक काही फार पुरातन नाही. ९ जून १८४० रोजी लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअरमधील सभागृहात फ्रान्झ लिस्ट याने आपल्या एकट्याच्या कार्यक्रमाला ‘रिसायटल’ हे नाव दिले. पियानोवर पठण कसे करणार, असा प्रश्न तेव्हा लंडनकरांना पडला होता! लिस्ट दोन रचनांच्या मध्ये व्यासपीठावरून खाली उतरे आणि श्रोत्यांत मिसळून गप्पा मारी. त्यापूर्वी मिलानमध्ये त्याने एक पात्र ठेवून श्रोत्यांकडून चिठ्ठ्या मागविल्या होत्या. चिठ्ठीतल्या विषयावर तो तत्क्षणी वादन करणार होता. एका चिठ्ठीत विचारले होते, लग्न करावे की अविवाहित राहावे? यावर वाजविणार काय? काहीही केले तरी पश्चात्ताप ठरलेलाच, हे एका ज्ञानी पुरुषाचे मत सांगून त्याने सुटका करून घेतली. पुढे १८६५मध्ये याच लिस्टने लघुदीक्षा घेतल्या; पुरोहित मात्र तो झाला नाही. आम्हां धर्मगुरूंना त्या चिठ्ठीची गंमत जरा अधिकच वाटते.

आपल्या बैठकीत ‘वाहवा’ कधी थांबली नाही. पाश्चात्त्य सभागृह मात्र हळूहळू गप्प झाले, आणि मग रेडिओने श्रोत्याला सभागृहाबाहेरच नेऊन बसविले. या टप्प्यावर मुंबईचा उल्लेख केलाच पाहिजे. वॉल्टर कॉफमन हा यहुदी संगीतकार १९३४मध्ये प्रागहून मुंबईत आला. ज्या प्राध्यापकाकडे त्याचा प्रबंध होता तो नाझी चळवळीत असल्याचे कळताच त्याने पदवीच नाकारली होती. मुंबईत त्याने चेंबर म्युझिक सोसायटी स्थापिली. मेहली मेहता व्हायोलिन वाजवीत, तो स्वतः पियानोवर बसे. पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्याने १९४६पर्यंत सांभाळला. तंबोऱ्यावर व्हायोलिनचे सूर असलेली आकाशवाणीची परिचयधून त्याचीच. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकल्या तेव्हा त्याला त्या मुळीच उमगल्या नव्हत्या. पण दोष संगीताचा नसून आपल्या कानांचा आहे, असे त्याने मानले आणि तो शिकू लागला. स्टुडिओतल्या या निर्वासिताला आपला श्रोता दिसत नव्हता. रेडिओच्या श्रोत्याचे उत्तर यायचे ते टपालाने, उशिराने.

इंटरनेटने हा उशीर पुसून टाकला, हे खरे. पण लिस्टच्या पात्रातली चिठ्ठी वादन घडवीत असे. लेव्हिटच्या पडद्यावरील हृदये वाजवीत असताना त्याला दिसत तरी होती का, याची मला शंका आहे. तरीही ती पाठविणाऱ्यांत मी होतो.

३० मे रोजी त्याने बर्लिनच्या एका स्टुडिओतून एरिक सातीची ‘व्हेक्सेशन्स’ ही छोटी रचना, तिच्यावरील सूचनेप्रमाणे, ८४० वेळा वाजविली. पंधरा तासांहून अधिक वेळ लागला. प्रत्येक आवृत्तीनंतर तो एक कागद जमिनीवर टाकी. ते कागद पुढे काम गमावलेल्या कलावंतांसाठी विकले गेले. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ होती. थोडा वेळ ऐकून मी झोपलो. पहाटे मिस्सापूर्वी मोबाईल पुन्हा उघडला. तो वाजवीतच होता, आणि पियानोभोवती कागदांचा खच पडला होता.