नकलांचे बळ

१६०८ साली समर्थ रामदास ज्या जांब गावी जन्मले, तेथल्या मंदिरातून ऑगस्ट २०२२ मध्ये पंचधातूच्या मूर्ती चोरीस गेल्या. पोलिसांनी त्या शोधून आणल्या. पण मूर्तीची नक्कल म्हणजे मूर्ती नव्हे. ग्रंथाचे तसे नाही. दासबोध कल्याणस्वामींनी लिहून घेतला आणि मठामठांतून त्याच्या नकला झाल्या. एका मठावर संकट आले तरी ग्रंथ दुसरीकडे उरावा, अशी ती व्यवस्था ठरली. म्हणूनच धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांना पुढे विखुरलेल्या पोथ्या जमवता आल्या.

आम्हा कामगारांच्या सेवेच्या नोंदी आता संगणकात असतात. नोंद बुडाली की ग्रॅच्युइटीचा हक्क सिद्ध करणे कठीण. शेजारी दुसरे यंत्र ठेवले, तर एक बंद पडताच दुसरे काम उचलते. पण खोलीला आग लागली तर दोन्ही जळतात. शिवाय एकातली चूक दुसऱ्यातही तत्काळ उतरते. म्हणून परगावी एक प्रत असावी, जुन्या तारखेची एक निराळी असावी, आणि त्या मधूनमधून उघडून पाहाव्यात. न उघडलेली पोथी वाळवीच वाचते.