गोष्ट कोण सांगतंय?

मागच्या वर्षी मी आजीवर कथा लिहिली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी बायकांसारखी तिनेही जन्मभर विड्या वळल्या. कथेत कारखान्यातला माणूस तिच्या विड्या खराब म्हणून बाजूला काढतो आणि ती पदराने डोळे टिपते. मी तिला वाचून दाखवलं. आमच्या घरच्या तेलुगूत ती म्हणाली, "रडले कुठं रे? भांडले मी."

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर. प्रोग्राम चुकला की चूक नेमकी कुठून शिरली ते मागे मागे जाऊन शोधायची सवय. तसाच मराठी कथेत मागे गेलो.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं. त्यांच्या 'स्फुट गोष्टीं'पासून मराठी लघुकथेने बाळसं धरलं. पण दृष्टिकोनाचा धडा त्यांच्या कादंबरीत आहे. 'पण लक्षांत कोण घेतो?' यमू स्वतः सांगते. विधवांच्या हालांवर व्याख्यान झोडणं सोपं होतं. हरिभाऊंनी तिलाच 'मी' म्हणू दिलं.

मग १९३१ मध्ये ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' आलं. लिहिणं ही नुसती दैवी देणगी नाही, त्याचं तंत्र शिकता येतं, हा विश्वास त्यातून अनेकांना मिळाला. चटकदार सुरुवात, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, शेवट. मात्र या साच्यात एक धोका होता: माणसं कथानकाच्या सोयीने वागू लागतात. माझी आजी रडली ती अशीच, माझ्या शेवटाच्या सोयीसाठी.

१९४५ नंतर नवकथेने हा साचा मोडला. गंगाधर गाडगीळ माणसाच्या मनात शिरले. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ मध्ये 'माणदेशी माणसं' दिली. हा माणदेश आपल्या सांगोल्यापर्यंत येतो. माडगूळकरांचा निवेदक माणसांच्या शेजारी बसतो. पुढे 'बनगरवाडी'तही मास्तरला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. कारभाऱ्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या वागण्यावरून ताडायचं. स्वभावाची विशेषणं सांगावी लागत नाहीत.

पण शेजारी बसणाऱ्यालाही सगळं दिसत नाही. १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. शीर्षकातच 'मी' आहे. ज्याच्यावर इतरांनी दया दाखवत लिहिलं असतं, तोच आता बोलत होता. आपल्या जिल्ह्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे १९८४ मध्ये 'अक्करमाशी' घेऊन आले. ती कथा नव्हे, आत्मकथन; पण प्रश्न तोच. माझ्या जगण्याचा अर्थ कोण लावणार?

या सगळ्यातून मला कळलं ते एवढंच: पात्राचं वय, कपडे, स्वभाव यांची यादी करण्याआधी 'हे कोण बघतंय?' हे ठरवायचं. बघणारा बदलला की पात्रही बदलतं.

मी कथा पुन्हा लिहिली. आजीच्या तोंडी 'मी' घालायचं धाडस झालं नाही. तिच्या मनातलं सगळं मला ठाऊक आहे, असं म्हणणं खोटं ठरलं असतं. आता सांगतो तो तिचा सात वर्षांचा नातू. कारखान्याच्या दारात तिचं बोट धरून उभा असलेला. त्याला पैशांचा हिशेब कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आजीने बोट सोडलं आणि तिचा आवाज चढला.

तिला पुन्हा वाचून दाखवली. ऐकून म्हणाली, "हां. पण शिव्या कमी लिहिल्यास."