पडसे आणि आपला पदर

आपल्याकडे पडशाला कोणी आजार म्हणत नाही. पोर शिंकू लागले की पहिला प्रश्न, पावसात भिजलास काय? आणि दुसरा, ताक कोणी दिले? गारवा बाधला, वारा लागला, पाणी बदलले, ही कारणे आपल्या आज्यांपासून चालत आली आहेत. परंतु कुणकेश्वरात जिने संसार केला तिला एक गोष्ट ठाऊक असेल. लावणीच्या दिवसांत आपण दिवसभर चिखलात उभ्या असतो, पोरे भिजत हुंदडतात, तरी घरोघर पडसे असतेच असे नाही. चतुर्थीला मुंबईची माणसे आली, एका खोलीत दहाजण निजले, आरतीला दाटी झाली, की चार दिवसांत सारे घर नाक शिंकरू लागते. महाशिवरात्रीच्या यात्रेला तर पाऊसही नसतो, तरी मागाहून तेच. मग दोष पावसाचा की माणसांचा?

हा प्रश्न फार जुना आहे. सुश्रुताने पडशाला प्रतिश्याय म्हटले, त्याचे पाच प्रकार केले आणि धूळ, धूर, थंडी ही कारणे दिली. त्याच सुश्रुताने दुसऱ्या ठिकाणी एकाचे दुसऱ्याला होणारे रोग सांगितले आहेत. स्पर्शाने, श्वासाने, एकत्र जेवण्याने, एका अंथरुणाने, दुसऱ्याचे वस्त्र वापरल्याने ते पसरतात, हे त्याला स्वच्छ कळले होते. त्या यादीत ताप आहे, डोळे येणे आहे. पडसे मात्र नाही!

ते त्या यादीत घालायला १९१४ साल उजाडले. जर्मनीत लाइपझिग येथे क्रूझ नावाच्या प्राध्यापकाने पडसे झालेल्या माणसाच्या नाकातील पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळले की कोणताही जंतू पलीकडे जाऊ नये. ते पाणी त्याने आपल्या बारा मदतनिसांच्या नाकांत घातले आणि त्यांतल्या चौघांना पडसे झाले. म्हणजे जंतूहूनही लहान असे काहीतरी होते. त्यालाच आज आपण विषाणू म्हणतो.

चारच वर्षांनी, १९१८ च्या जूनमध्ये, मुंबईत इन्फ्लुएन्झा आला. पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या लाटेत त्याने कहर केला आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. तो पडशाचा थोरला भाऊ म्हणावा, पण जात निराळी. त्याचा विषाणू लंडनमध्ये १९३३ साली सापडला. शोधणाऱ्या तिघांत अँड्र्यूज नावाचे डॉक्टर होते, आणि पुढे तेच साध्या पडशाच्या मागे लागले.

इंग्लंडात सॉल्सबरी गावाजवळ युद्धकाळातले एक इस्पितळ रिकामे झाले होते. तिथे १९४६ साली केवळ पडशाचा अभ्यास करणारी संस्था निघाली, ती १९९० पर्यंत चालली. धडधाकट माणसे दहा दिवस तिथे येऊन राहत, आणि त्यांच्या नाकात मुद्दाम पडसे सोडीत. तिथला एक प्रयोग तर आपल्या आज्यांना दाखवायलाच हवा होता. काही जणांना ऊन पाण्याने आंघोळ घालून ओल्या कपड्यांनिशी वाऱ्याच्या वाटेत अर्धा तास उभे केले, वर ओले मोजे घालायला लावले. बिचारे कुडकुडले, पण नुसत्या गारठ्याने एकालाही पडसे झाले नाही. आज्या अगदीच चुकल्या असेही नव्हे. नाक गार पडले की शिरलेला विषाणू तिथे अधिक सहज वाढतो, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले. सॉल्सबरीच्या टिरेल या शास्त्रज्ञानेही १९६० साली तो प्रयोगशाळेत वाढवला तो नेहमीच्या ३७ ऐवजी ३३ अंशांवर, कारण आपले नाक शरीराहून थंड असते. पण विषाणू यावा लागतो दुसऱ्या माणसाकडूनच.

या विषाणूचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एकाशी झुंजून शरीर शहाणे होते तोवर दुसरा दारात उभा. म्हणूनच पडशाची लस नाही, आणि लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा पडसे होणे नवलाचे नाही. जंतुनाशक गोळ्या विषाणूवर चालत नाहीत. तरी आपण दुकानातून मागून आणतो, उरलेल्या शेजारणीलाही देतो, हे मला मुळीच पटत नाही.

तो येतो कसा, यावर शास्त्रज्ञांत बरेच भांडण झाले. व्हर्जिनियाच्या डॉक्टरांनी १९७० नंतर दाखवले की तो बोटांवर बसतो आणि आपणच तो डोळ्याला, नाकाला लावून घेतो. विस्कॉन्सिनच्या डॉक्टरांनी १९८७ साली पडसे झालेल्यांना आणि न झालेल्यांना एकत्र बारा तास पत्ते खेळायला बसवले. काहींचे हात असे अडकवले होते की ते तोंडापर्यंत जाऊ नयेत. तरी त्यांनाही पडसे झाले, म्हणजे ते हवेतूनही आले. मला वाटते, दोघेही खरे.

आता आपल्या घरात पाहा. पोराचे नाक आपण कशाने पुसतो? पदराने. त्याच पदराने पातेले उतरवतो, धाकट्याचे तोंड पुसतो. ओल्या पदराचे हे फिरणे बंद केले तर पुष्कळ साधेल. नाकासाठी निराळे फडके, ते रोज उकळून उन्हात. स्वयंपाकापूर्वी आणि नाक पुसल्यावर साबणाने हात, नखांपर्यंत. पाहुणे निजतात त्या खोलीची खिडकी उघडी असावी, वारा बाधेल म्हणून लावू नये. आले, गवती चहा घातलेल्या काढ्याने घशाला आराम पडतो, तो मोठ्यांनी जरूर घ्यावा. तान्ह्याच्या नाकात मात्र तेल-कापूर घालू नये. त्याला अंगावर पिता येईना, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर ते पडसे समजून घरी बसू नये. रात्र असली तरी गाडी बोलावून देवगडला डॉक्टरांकडे न्यावे.