रंगाचा रकाना

१९६०च्या दशकात बनलेल्या फोर्डच्या पिकअपमध्ये आतल्या बाजूला धातूची एक छोटी पट्टी असते. गाडीची कुंडलीच म्हणा ना. व्हीलबेस, मॉडेल, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, सगळं तिथे कोडमध्ये कोरलेलं. रंगासाठी एकच अक्षर. 'एम' म्हणजे विम्बल्डन व्हाइट, 'जे' म्हणजे रंगून रेड. कोड माहीत असला की साठ वर्षांनीही सांगता येतं, ही गाडी कारखान्यातून लाल निघाली की पांढरी.

पण काही पट्ट्यांवर रंगाचा रकाना रिकामाच असतो. शेजारी 'डीएसओ' नावाचा आणखी एक रकाना असतो. त्यात एरवी दोन आकडे असतात, म्हणजे गाडीची मागणी विक्रीच्या कुठल्या विभागातून आली ते. या पट्ट्यांवर मात्र त्या दोन आकड्यांपुढे आणखी काही आकडे दिसतात. तो विशेष मागणीचा नंबर. रंग यादीतला नाही, एवढंच तो सांगतो. मग कुठला? ते त्या नंबरच्या कागदावर लिहिलेलं होतं आणि तो कागद काही गाडीला चिकटवलेला नाही.

मी पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो, त्यामुळे हे वाचलं तेव्हा हसू आलं आणि थोडं पोटातही दुखलं. एका टेबलातला नंबर दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतोय आणि दुसरं टेबल कुणीतरी उडवून टाकलंय! डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरनं तर विशेष रंगासाठी सरळ '९९९' हा कोड ठेवला होता. आम्हीही 'इतर' लिहायचं असलं की नेमकं हेच करतो.

आता प्रश्न असा, की पिकअपसारख्या ओझ्याच्या गाडीला यादीबाहेरचा रंग हवा होता कुणाला? आज आपल्याला वाटतं, कुणीतरी हौशी माणूस शोरूममध्ये गेला असेल आणि बायकोच्या आवडीचा आकाशी रंग मागितला असेल. असे लोक होतेही. पण बहुतेक वेळा मागणारा माणूस नसायचा, कंपनी असायची.

थोडं मागे जाऊ. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याआधी ती हिरवी, लाल, करडीही मिळत होती, हे कमी जणांना. काळा रंग सगळ्यांत लवकर वाळतो म्हणून निवडला, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, पण खरं कारण अधिक रुक्ष आहे. तो स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि एकच रंग ठेवला की कारखान्याचं काम सोपं होतं. एप्रिल १९२५ मध्ये फोर्डनं याच गाडीला मागे लोखंडी हौदा लावून २८१ डॉलरला विकायला काढलं. कारखान्यातून तयार होऊन आलेली फोर्डची ही पहिली पिकअप. अर्थात काळी.

रंगांचं दार तोवर दुसरीकडे उघडलं होतं. ड्यूपाँट कंपनीचा 'ड्यूको' हा लॅकर १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर निळ्या रंगात आला आणि रंगकामाचे आठवडे काही तासांवर आले. पण लॅकरला चमक आणायला घासावं, पॉलिश करावं लागतं. कारसाठी तेवढी मजुरी परवडायची. ट्रकना मिळालं इनॅमल, जे भट्टीत भाजलं की घासल्याशिवाय चमकतं. उन्हात काही वर्षं राहिलं की मात्र ते खडूसारखं पांढुरकं पडतं. तर एकाच कंपनीच्या कारला एक रंग आणि ट्रकला दुसरा. ट्रक कामगार होता आणि त्याला कामगाराचेच कपडे होते.

कपडे हा शब्द मी सहज वापरला नाही. या रंगांचं काम गणवेशाचंच होतं. बेल टेलिफोनच्या गाड्या गडद हिरव्या. वनखात्याच्या फिक्या हिरव्या. शाळेच्या बसचा पिवळा तर १९३९ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात परिषद भरवून ठरला, पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरची काळी अक्षरं नीट वाचता यावीत म्हणून. शेव्हरोलेनं १९४७ मध्ये नवे ट्रक आणले, तेव्हा काहीच सांगितलं नाही तर फॉरेस्टर ग्रीन हा हिरवा मिळायचा. त्या पिढीच्या रंगांची नावं बघा: ओमाहा ऑरेंज, स्विफ्ट्स रेड, आर्मर यलो. स्विफ्ट आणि आर्मर वाचून अमेरिकन माणसाला शिकागोच्या दोन मोठ्या मांसकंपन्या आठवल्या नसत्या तरच नवल. पुढे १९६९ मध्ये सॉल बास या डिझायनरनं बेलचं बोधचिन्ह बदललं, तशा तिच्या गाड्याही पांढऱ्या झाल्या आणि त्यांवर निळा-पिवळसर पट्टा आला.

गाडी घेऊन बाहेर रंगवली असती तर? बाहेरचा रंगारी दरवाजे आणि टप रंगवतो. कारखान्यात मात्र सांगाडा सुटा असतानाच रंग बसतो. डॅशबोर्डमागे, सीटखाली, दाराच्या बिजागरीत, सगळीकडे. पण त्यासाठी चालू लाइनवर फवाऱ्याच्या नळ्या धुऊन नवा रंग भरायचा आणि मग पुन्हा धुवायच्या. एका गाडीसाठी ही कटकट कोण करणार? एकदम ढीगभर गाड्या घेणाऱ्या कंपनीसाठी मात्र ती आनंदानं केली जायची. आपल्याकडच्या टॅक्सीवाल्याला काळा-पिवळा निवडावा लागत नाही, तसंच त्या लाइनमनलाही हिरवा निवडावा लागला नाही. रंग त्याच्या मालकानं निवडला होता.

रंग पहिल्यांदा नुसत्या दिसण्यासाठी आला, तो १९५५ मध्ये. शेव्हरोलेनं 'कॅमिओ कॅरिअर' नावाची पिकअप काढली. कल्पना चक जॉर्डन या तरुण डिझायनरची. हौद्याच्या बाजूंना बाहेरून फायबरग्लासचे सपाट पत्रे लावलेले, म्हणजे केबिन आणि हौदा एकसंध दिसावेत. पहिल्या वर्षी रंग एकच: हस्तिदंती, वर लाल रंगाची जोड. त्या हस्तिदंती रंगाचं नाव होतं बॉम्बे आयव्हरी.

मी हे नाव दोनदा वाचलं. कारण जनरल मोटर्स खरोखरच बॉम्बेत होती. शिवडीला तिचा कारखाना १९२८ पासून चालू होता, सुटे भाग बोटीनं यायचे आणि इथे शेव्हरोले कार, ट्रक, बस जोडल्या जायच्या. नुसती जोडणी करणाऱ्यांना यापुढे देशात जागा नाही, असं सरकारी धोरण ठरलं आणि १९५४ मध्ये तिनं ते काम बंद केलं. पुढच्याच वर्षी बॉम्बे हे नाव अमेरिकेत एका दिमाखदार ट्रकवर मिरवत होतं. फोर्डच्या यादीत रंगून आणि शेव्हरोलेच्या यादीत बॉम्बे, म्हणजे शहरं रंगाच्या डब्यापुरती!

त्या वर्षी ५,२२० कॅमिओ बनल्या. पुढच्या वर्षी दोन रंगांच्या अनेक जोड्या मिळू लागल्या, तरी आकडा १,४५२ वर आला. गाडी महाग होती. पण पिकअप दारात उभी करून मिरवता येते हे सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि मग पांढरं टप, दोन रंग, क्रोमच्या पट्ट्या हे ओघानं आलंच. १९७८-७९ ची डॉजची 'लिल रेड एक्सप्रेस' तर लालच मिळायची, वर सोनेरी अक्षरं, लाकडी फळ्या आणि केबिनमागे उभे धुराडे. मला ती जरा वरातीच्या घोड्यासारखी वाटते.

आज या गाड्या पुन्हा घडवणाऱ्यांचा मोठा व्यवसाय आहे आणि इथे तो रिकामा रकाना डोकं वर काढतो. यादीबाहेरचा रंग म्हणजे दुर्मीळ आणि दुर्मीळ म्हणजे महाग. विकणारा डीएसओवर बोट ठेवून सांगतो, बघा, खास रंगाची गाडी. पण तो नंबर खास स्प्रिंगसाठी किंवा दुसऱ्या कुठल्या यंत्रभागासाठीही असू शकतो. नंबर खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. उलटंही घडतं. एखादी गाडी खरंच टेलिफोन कंपनीची असते, कंपनीनं विकताना दारावरचं नाव पुसलेलं असतं, मग शेतकऱ्यानं हाती लागेल तो रंग मारलेला असतो. आणि आता नवा मालक तिला झगझगीत लाल करायला निघालेला असतो, कारण लाल पिकअप विकली जाते. ती कुणाची होती, कुठल्या कामाची होती, याचा शेवटचा पुरावा त्या थरांखाली असतो.

तो कुठे शोधायचा हेही ठरलेलं आहे. १९७२ पर्यंतच्या फोर्ड आणि शेव्हरोले पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. ती सहसा कुणी काढत नाही. काढली की मागच्या पत्र्यावर कारखान्याचं इनॅमल दिसतं, ऊन न लागलेलं, पहिल्या दिवसासारखं. रकाना रिकामा असला तरी इथे उत्तर मिळतं. तिथे गडद हिरवा निघाला, तर मी काय करीन ते सांगतो. बाकीची गाडी मालकाला हवी तशी लाल होऊ दे, पण टाकीमागचा तेवढा पत्रा झाकून ठेवीन, त्यावर फवारा जाऊ देणार नाही, आणि टाकी परत जागेवर बसवीन.